शॉकअपचा बोल्ट सुटत नाही तेव्हा

हर्णै, मिरकरवाडा, मालवण अशा कुठल्याही बंदरावर मासे भरायला उभ्या असलेल्या पिकअपच्या मागच्या चाकांमध्ये एकदा वाकून पाहावे. हौद्यातल्या बर्फाचे खारे पाणी फटींतून थेंबथेंब गळत असते. ते पडते मागच्या एक्सलवर, कमानपाट्यांवर आणि शॉकअपच्या खालच्या बोल्टवर. वरून चार महिने पाऊस आणि बाराही महिने समुद्राची खारी हवा. अशा गाडीचे शॉकअप बदलायला घेतले की नवा शॉकअप बसवायला वीस मिनिटे लागतात आणि जुना काढण्यात अख्खा दिवस जातो. हा लेख त्या दिवसाबद्दल आहे.

घरच्या घरी करण्याजोगे काम म्हणजे कमानपाटे असलेल्या पिकअपचे किंवा जीपच्या जातीच्या गाडीचे मागचे शॉकअप. तिथे शॉकअप पाट्यांपासून वेगळा, उघडा बसवलेला असतो आणि दोन्ही टोकांना एकेक बोल्ट असतो. पुढे जर शॉकअप आणि गोल स्प्रिंग एकात एक असलेली रचना असेल, तर तिला घरी हात लावू नये. ती स्प्रिंग दाबून बसवलेली असते. वरचा नट चुकीच्या वेळी सुटला तर ती माणसाला गंभीर जखमी करू शकते.

आधी शॉकअप खरेच गेला आहे का, ते पाहू. गाडीचे वजन पाटे पेलतात. खड्ड्यानंतर गाडी हिंदकळत राहू नये म्हणून ती हालचाल मारण्याचे काम शॉकअप करतो. आतल्या बारीक छिद्रांतून तेल ढकलताना जो विरोध होतो, त्यानेच हे साधते. नळकांड्यावर तेलाचा ओघळ आणि त्याला चिकटलेली धूळ दिसली, टायर ठिकठिकाणी खाल्ला जाऊ लागला किंवा रिकामी गाडी खराब रस्त्यावर मागून उड्या घेऊ लागली, तर शॉकअप बदलायची वेळ झाली. एक गेला असला तरी जोडी बदलावी, नाहीतर दोन बाजू दोन प्रकारे वागतात.

आता मूळ प्रश्न. बोल्ट जाम होतो म्हणजे नेमका कुठे होतो? याचे उत्तर माहीत नसल्यामुळे बहुतेकांचा दिवस वाया जातो.

शॉकअपच्या टोकाला एक गोल कडी असते. त्या कडीत रबराचा बुश आणि बुशच्या मधोमध एक लोखंडी नळी. बोल्ट या नळीतून आरपार जातो आणि पलीकडे नट लागतो. म्हणजे गंज धरण्याच्या जागा दोन. एक, नटाचे आटे. दुसरी, बोल्टची साधी दांडी आणि ती नळी यांच्यामधली फट. आटे फार तर बोटाच्या पेराएवढ्या लांबीचे, तेही बाहेरून दिसणारे, तिथे तेल पोहोचते. नळी मात्र लांब असते, दोन्ही बाजूंनी ब्रॅकेटमध्ये घट्ट दाबलेली असते आणि पाणी एकदा आत गेले की सुकायला वाव नसतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो. बंद फटीत तो वाढत गेला की दोन धातू एकमेकांवर दाबून धरतो. म्हणूनच नट सहज निघतो आणि बोल्ट तसूभरही हलत नाही, असा प्रकार किनाऱ्यावरच्या गाड्यांत वारंवार दिसतो.

हे हाताला कसे कळते? नट काढल्यावर बोल्टच्या डोक्याला पाना लावून फिरवून पाहावे. डोके थोडे फिरले आणि पाना सैल करताच ओल्या दोरीचा पीळ उलटा फिरावा तसे मागे आले, तर बोल्ट नळीत चिकटलेला आहे. आपण फिरवतो ते बोल्टसकट नळीला, आणि परत ढकलते ते रबर. अशा वेळी आट्यांवर कितीही तेल ओतले तरी उपयोग नाही, कारण जाम झालेली जागा ती नव्हेच. डोके अजिबातच हलले नाही, तर नळीच्या कडा ब्रॅकेटलाही गंजाने धरून ठेवल्या आहेत असे समजावे.

काम सुरू करण्याआधी गाडीखाली जाऊन शॉकअप कसा अडकवला आहे ते नीट बघून घ्यावे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर आहेत. काही गाड्यांत आरपार बोल्ट आणि सुटा नट असतो. हा सगळ्यांत सोपा प्रकार. काहींत नट ब्रॅकेटच्या आत वेल्ड केलेला असतो आणि तिथे पाना पोहोचत नाही. काहींत बोल्टच नसतो. एक्सलच्या किंवा चासीच्या ब्रॅकेटवर पक्की पिन बसवलेली असते, शॉकअपची कडी तिच्यावर चढवून बाहेरून वॉशर आणि नट लावतात. आणि काहींत वरच्या टोकाला कडीऐवजी शॉकअपची आटे पाडलेली दांडीच वर निघते आणि दोन रबरांच्या मध्ये नटाने आवळलेली असते.

यात काय तुटले तर चालेल आणि काय तुटता कामा नये, हे आधीच ठरवावे. जुना शॉकअप टाकायचाच आहे. जुना बोल्ट आणि नट यांचीही किंमत नाही. ब्रॅकेट आणि त्यावरची पिन मात्र गाडीचा भाग आहे. पिन मोडली तर वेल्डिंग आले, आणि जिची पिन मोडली आहे ती गाडी वेल्डरकडे न्यायची कशी हाही प्रश्न आला. तेव्हा सुटा बोल्ट असेल तर जोर लावायला हरकत नाही, तुटला तर तुटला. पिन असेल तर जोर न लावता नट कापून काढावा. जोर किती लावायचा हे ताकदीवर न ठरवता पलीकडे काय आहे त्यावर ठरवावे, एवढे एक पाळले तरी निम्मे नुकसान टळते.

नवे बोल्ट आणि नट आधीच आणून ठेवावेत. जुना बोल्ट परत वापरू असे धरून बसले की माणूस तो वाचवण्याच्या नादात दोन तास घालवतो. बोल्ट घेताना त्याच्या डोक्यावरचा आकडा पाहावा. ८.८ असे कोरलेले असेल तर पहिल्या ८ चा अर्थ असा, की तो तुटायला दर चौरस मिलिमीटरला साधारण ८०० न्यूटन, म्हणजे सुमारे ८० किलोचा ताण लागतो. १०.९ त्याहून वरचा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा ४.६ चा साधा बोल्ट ८.८ च्या निम्म्या ताकदीचा असतो, तो इथे चालत नाही. गाडीवर जो आकडा होता तोच किंवा कंपनीच्या भागांच्या यादीत असलेलाच बोल्ट घ्यावा.

गंजायला नको म्हणून बरेच जण स्टेनलेसचा बोल्ट लावतात. तो मोह टाळावा. नेहमीचा स्टेनलेस बोल्ट ८.८ पेक्षा कमी ताकदीचा असतो आणि स्टेनलेसवर स्टेनलेसचा नट आवळताना आटे एकमेकांना घासून कायमचे चिकटू शकतात. जी अडचण टाळायची तीच नव्या रूपात येते.

तेल घालण्याचे काम शॉकअप बदलण्याच्या दिवशी न करता दोन-तीन दिवस आधीपासून करावे. तारेच्या ब्रशने नटाबाहेर दिसणारे आटे स्वच्छ घासावेत, चिखल आणि सुटा गंज पडू द्यावा आणि मग गंजात झिरपणारे पातळ तेल, म्हणजे पेनेट्रेटिंग ऑइल, सकाळ-संध्याकाळ थोडे थोडे सोडावे. एकदम ओतलेले तेल खाली ओघळून जाते. थोडे थोडे वारंवार दिलेले आत ओढले जाते. नटाइतकेच लक्ष कडी आणि ब्रॅकेट यांच्यामधल्या बारीक फटीकडे द्यावे, कारण नळीत शिरायचा रस्ता तोच आहे.

निळ्या-पिवळ्या डब्यातला डब्ल्यूडी-४० बहुतेक घरांत असतो. तो १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोला तयार झाला, तो ओलावा हटवून धातूला गंजापासून वाचवण्यासाठी. हलक्या गंजावर तो चालतो, पण कित्येक पावसाळे खाल्लेल्या बोल्टसाठी खास पेनेट्रेटिंग ऑइल घेतलेले बरे. काही मेकॅनिक ऑटोमॅटिक गिअरचे तेल आणि ॲसिटोन निम्मे-निम्मे मिसळून वापरतात. ते आत चांगले जाते, पण ॲसिटोन चटकन पेट घेते. त्या जागी नंतर ज्योत न्यायची असेल तर हे मिश्रण वापरूच नये.

दिवस निवडताना मे महिना निवडावा. पाऊस सुरू झाल्यावर ओल्या जमिनीवर पडून हे काम करण्यात धोका आहे. मासळीच्या गाड्यांना जून-जुलैत मासेमारीबंदीमुळे धंदा कमी असतो, तेव्हा हे काम काढू असे अनेकांना वाटते. पण पाऊस ऐन भरात तेव्हाच असतो. बंदीच्या आधीच काम उरकून घ्यावे आणि गाडी बंदीचे दिवस धुतलेल्या, ग्रीस लावलेल्या अवस्थेत उभी राहू द्यावी.

गाडी उभी करायला सपाट, कडक जमीन हवी. कोकणात घरासमोरचे खळे कित्येकदा उताराचे असते, तिथे नको. हँडब्रेक ओढावा, पहिला गिअर टाकावा आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत.

पिकअपखाली उंची बरीच असते. चाके जमिनीवर असतानाच मागच्या शॉकअपचे दोन्ही बोल्ट हाताशी येत असतील तर गाडी उचलूच नये. उचलावी लागली तर जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नये. चासीखाली योग्य वजनाच्या लोखंडी घोड्या, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारे स्टँड, लावावेत आणि गाडी हलवून पाहावी. आपल्याकडे जांभ्याचे चिरे सहज मिळतात म्हणून त्यांचे थर रचून गाडी टेकवण्याची पद्धत आहे. ती जीवावर बेतणारी आहे. जांभा दगड सच्छिद्र असतो, स्टँडच्या किंवा चासीच्या अरुंद कडेखाली तो आधी काही न दाखवता फुटतो.

गाडी उचललेली असेल तर एक्सलखाली दुसरा जॅक हवा. एक्सल खाली लोंबकळला की शॉकअप पूर्ण ताणला जातो आणि बोल्टवर सतत ओढ राहते. मोकळा असलेला बोल्टही मग जाम असल्यासारखा वाटतो. जॅक थोडा वर-खाली करून ती ओढ निघाली की बोल्ट हाताने हलू लागतो. घाई करणाऱ्याच्या हे ध्यानात येत नाही आणि तो हातोडा उचलतो.

डोळ्यांना गॉगल लावल्याशिवाय खाली झोपू नये. हे सांगणे जास्तीचे वाटेल, पण वर पाहून काम करताना गंजाचे कण सरळ डोळ्यांत पडतात.

पान्यांपैकी फिक्स पाना इथे बाजूला ठेवावा, तो नटाच्या दोनच बाजू पकडतो. गोटी वापरावी, म्हणजे नटावर पूर्ण बसणारे सॉकेट. गोटीतही सहा कोनांची घ्यावी. बारा कोनांची गोटी नटाला टोकाटोकाला पकडते आणि गंजून झिजलेल्या नटावरून घसरून त्याच्या कडा गोल करते. माप अगदी बरोबर हवे. १९ ची गोटी सैल वाटत असेल तर १८ ची ठोकून बसते का ते पाहावे. झिजलेल्या नटावर तीच जास्त घट्ट धरते. दुसऱ्या बाजूला बोल्टचे डोके धरायला रिंग पाना लागेल.

फिरवण्याची दिशा दोनदा तपासावी. नटाकडे तोंड करून पाहिले तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवल्यावर तो सैल होतो. पण आपण पाठीवर झोपलेले असतो, नट पलीकडे तोंड करून असतो आणि हात डोक्यामागे. या स्थितीत भलेभले उलट दिशेने आवळत बसतात. खडूने ब्रॅकेटवर बाण काढून ठेवला की हा घोळ होत नाही.

पहिला प्रयत्न सोडवण्याच्या दिशेने न करता आवळण्याच्या दिशेने करावा, अगदी हलकासा. गंजाचा थर त्याने तडकतो. मग उलट. थोडे सैल, थोडे परत, तेल, पुन्हा सैल. नट पाव फेरा फिरून जड झाला म्हणून तसाच रेटत राहिले तर गंजाची पूड आट्यांत साचते आणि तो मध्येच कायमचा अडकतो. मागे-पुढे करत राहिले की पूड बाहेर पडते.

जोर कमी पडला तर पान्याच्या दांड्यावर लांब पाईप घालतात. घालावा, पण पान्याला स्वतःकडे ओढावे, ढकलू नये, आणि नट एकदम सुटला तर आपले बोट, कोपर किंवा डोके कुठे आदळेल ते आधी पाहून घ्यावे. गाडी स्टँडवर असेल तर झटके देऊन गाडी हलवणे धोक्याचे आहे.

पाईपपेक्षा हातोडीचा उपयोग जास्त होतो. नटाच्या एका सपाट बाजूला मागून जड लोखंड टेकवावे आणि समोरच्या बाजूवर मध्यम हातोडीने दहा-बारा ठोके द्यावेत, मग शेजारच्या बाजूवर. या कंपनांनी गंज फुटतो आणि तेलाला वाट मिळते. हवेवर किंवा बॅटरीवर चालणारी इम्पॅक्ट गन मिळाली तर तीही याच कारणाने उपयोगी पडते. ती एकच मोठा जोर न देता लागोपाठ धक्के देते.

एवढ्याने नट निघाला आणि बोल्ट मात्र नळीत अडकून राहिला, तर नट पुन्हा हाताने फिरवून बोल्टच्या टोकाच्या पातळीत आणावा आणि मग हातोडीने ठोकावे. उघड्या आट्यांवर ठोकले तर टोक पसरते आणि बोल्ट नळीतून जाण्याची आशाच संपते. दोन-चार जोरदार, सरळ ठोक्यांत बोल्ट किंचितही सरकला नाही, तर थांबावे. रबर प्रत्येक ठोका शोषून घेते आणि वाकतो तो ब्रॅकेट.

तापवणे हा पुढचा उपाय, आणि तो आट्यांसाठी चांगला आहे. नट तापवायचा, बोल्ट नाही. १२ मिलिमीटर जाडीच्या बोल्टवरचा नट ३०० अंशांनी तापवला तर त्याचे भोक मिलिमीटरच्या सुमारे चार शतांशांनी मोठे होते. ऐकायला हे काहीच नाही, पण गंजाची पकड मोडायला पुरते. थोडा थंड झाल्यावर मेणबत्तीचे टोक आट्यांना टेकवले की वितळलेले मेण आत ओढले जाते आणि वंगणाचे काम करते. मग लगेच पाना लावावा.

पण ज्योत पेटवण्याआधी आजूबाजूला काय आहे ते पाहावे. मागच्या एक्सलवरून ब्रेकची रबरी नळी जाते. डिझेलची टाकी आणि तिच्या नळ्या हातभर अंतरावर असतात. त्या झाकता किंवा दूर करता येत नसतील तर तापवण्याचा विचार सोडून द्यावा. शॉकअपच्या नळकांड्याला कधीही ज्योत लावू नये. गॅस भरलेल्या शॉकअपमध्ये नायट्रोजन दाबाखाली असतो, काही प्रकारांत टायरमधल्या हवेच्या कित्येक पट, आणि सोबत तेल. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेवरही ज्योत नको, त्यातल्या काही रसायनांपासून विषारी वायू तयार होतो. पाण्याची बादली आणि वाळू शेजारी ठेवावी, आणि एक माणूस सोबत असावा. लाल होईपर्यंत तापलेला बोल्ट परत वापरू नये, त्याची ताकद गेलेली असते.

बोल्ट नळीत धरलेला असेल तर तापवूनही फारसे हाती लागत नाही. उष्णता रबराला जाळते, जाड धूर होतो आणि बोल्ट तिथेच राहतो. अशा वेळी सरळ कापण्याकडे वळावे. उशिरा वळण्यापेक्षा लवकर वळलेले चांगले.

कापायची जागा एकच, कडीच्या दोन्ही बाजूंना, बुश आणि ब्रॅकेट यांच्या मधली फट. तिथे करवतीचे पाते शिरते. लोखंड कापायचे चांगले पाते घेऊन हातानेही हे होते, एकेका कापाला अर्धा-पाऊण तास धरावा. पुढे-मागे चालणारी विजेची करवत असेल तर काही मिनिटांत. पात्याला तेल द्यावे आणि वेग कमी ठेवावा, म्हणजे दाते टिकतात. आधी फटीत एक पातळ पत्रा ब्रॅकेटच्या बाजूला सरकवून ठेवला की पाते ब्रॅकेटला लागत नाही. दोन्ही काप झाले की शॉकअप नळी आणि बोल्टच्या तुकड्यासकट खाली येतो आणि ब्रॅकेटमध्ये उरलेली दोन टोके पंचाने ठोकून निघतात.

ग्राइंडरने हे लवकर होते असे वाटते, पण त्याची चकती त्या फटीत नीट मावत नाही, ठिणग्या थेट ब्रेकच्या नळीवर उडतात आणि झोपून काम करताना चकती अडकून उसळी मारली तर तोंडावर येते. ग्राइंडर समोर मोकळी जागा असेल तिथेच.

पिनवरचा नट असेल तर पद्धत वेगळी. नटाच्या एका सपाट बाजूवर आट्यांच्या अलीकडेपर्यंत उभी खाच पाडावी आणि खाचेत छन्नी ठेवून ठोकावी. नट उकलतो आणि पिनचे आटे शाबूत राहतात. नट फोडायचे छोटे हत्यारही मिळते, जागा असेल तर ते उत्तम. मग शॉकअपची कडी पिनवरून ओढायची. नळी पिनला धरून बसली असेल तर कडी बाहेरून कापावी, रबर सुरीने सोलून काढावे आणि उरलेल्या नळीवर लांबीच्या दिशेने करवतीने खाच पाडावी, पिनला पाते लागायच्या आत थांबावे. त्या खाचेत छन्नी फिरवली की नळी उघडते आणि पिनवरून सरकते. हे काम सावकाश करायचे आहे. पिनवर ओरखडा पडला तर चालेल, चर पडला तर पुढे कधीतरी पिन तिथूनच तुटते.

वेल्ड केलेला नट असेल आणि त्याचे वेल्ड सुटून तो आतल्या आत फिरू लागला, तर फिरवणे ताबडतोब थांबवावे. बोल्टचे डोके कापून शॉकअप काढावा. आतला नट काढायला ब्रॅकेटला खिडकी पाडावी लागते आणि नंतर नवा नट वेल्ड करावा लागतो. हे काम वेल्डरचे आहे. वेल्डिंग सुरू होण्याआधी बॅटरीची केबल सोडवावी.

वरच्या टोकाला आट्यांची दांडी असेल तर नटासोबत दांडीही गरागरा फिरते. दांडीच्या टोकाला पान्याने धरायला दोन सपाट बाजू असतात, पण गंजलेल्या दांडीवर त्या बहुधा उरलेल्या नसतात. शॉकअप टाकायचाच आहे, तेव्हा नटाच्या खाली रबर कापून दांडी करवतीने कापून मोकळे व्हावे.

जुना शॉकअप निघाला की ब्रॅकेट उजेडात नीट तपासावा. भोक लांबट झाले आहे का, वेल्डच्या कडेला केसासारखी चीर आहे का. चीर असेल तर नवा शॉकअप बसवण्यात अर्थ नाही, आधी ती दुरुस्त व्हायला हवी. सगळे ठीक असेल तर भोक आणि आतल्या बाजू घासून स्वच्छ कराव्यात, गंजरोधक रंगाचा एक हात द्यावा आणि तो वाळू द्यावा.

नवा शॉकअप जुन्याशेजारी ठेवून पाहावा. पूर्ण उघडलेली लांबी, पूर्ण दाबलेली लांबी आणि नळीचे माप जुळले पाहिजे. दुकानदाराने दिला म्हणून तो बरोबर असेलच असे नाही. आडव्या ठेवलेल्या शॉकअपमध्ये बऱ्याचदा हवा तेलात शिरलेली असते. गाडीवर जसा उभा बसतो तसा धरून तो चार-सहा वेळा पूर्ण उघडावा आणि दाबावा, म्हणजे हालचाल एकसारखी जड लागू लागते. गॅसचा शॉकअप पट्टी बांधून येतो. तो वरच्या टोकाला अडकवल्यावरच पट्टी कापावी.

आता सगळ्यात महत्त्वाचा लेप. नव्या बोल्टच्या संपूर्ण दांडीला, म्हणजे जो भाग नळीत राहणार आहे त्याला, तांब्याची पूड असलेला अँटी-सीझ लेप लावावा. बहुतेक जण तो फक्त आट्यांना लावतात आणि नळी कोरडीच राहते. मग पुढच्या खेपेला तेच दुखणे. नळीच्या आतूनही बोट फिरवावे. लेप रबराला लागू देऊ नये, तेलकट पदार्थांनी रबर फुगते.

बोल्ट घालून नट हाताने बसवावा. लॉकनट, ज्यात आत नायलॉनची कडी असते, नेहमी नवाच वापरावा. शेवटचे आवळणे गाडीचे वजन चाकांवर आल्यावर करावे. याचे कारण पुन्हा त्या नळीत आहे. नट आवळला की नळी ब्रॅकेटमध्ये पक्की होते आणि हालचाल फक्त रबर पिळून होते. एक्सल लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि बुश काही महिन्यांत फाटतो.

किती आवळायचे तो आकडा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा आणि टॉर्क रेंच, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणारा पाना, वापरावा. तो आकडा कोरड्या आट्यांचा असेल तर लेप लावलेल्या बोल्टला त्याहून थोडे कमी आवळावे, कारण लेपामुळे घर्षण घटते आणि तेवढ्याच जोराने बोल्ट जास्त ताणला जातो. टॉर्क रेंच शेजारच्या गॅरेजमध्ये मागितला तर बहुधा मिळतो.

शंभरेक किलोमीटर गाडी चालल्यावर दोन्ही नट पुन्हा तपासावेत. त्यानंतर बाहेर राहिलेल्या आट्यांवर जाड ग्रीस किंवा मेणाचा फवारा मारून ठेवावा. मासळीची गाडी असेल तर प्रत्येक फेरीनंतर हौद्यासोबत खालचा एक्सलही गोड्या पाण्याने धुवावा, आणि दर पावसाळ्यानंतर नट एकदा सैल करून बोल्ट हाताने फिरतो का ते पाहावे. फिरत नसेल तर त्याच वेळी काढून पुन्हा लेप लावावा.

काढलेले जुने शॉकअप भंगारवाल्याला देताना आत गॅस आणि तेल आहे हे त्याला स्पष्ट सांगावे. तो ते गॅस कटरने कापायला घेऊ शकतो.